या बाजूचा जिना

जाहीर सूचना ही जाहीर असतेच असं नाही, हे नरसिंहरावांना वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं. मेट्रोच्या नव्या मार्गाबद्दल नागरिकांच्या सूचना आणि हरकती मागवणारं पत्रक शहाजी लेआउटमधल्या विजेच्या खांबावर लावलेलं होतं. पण जमिनीपासून सात फुटांवर, आणि त्याच्या अर्ध्या भागावर एका वधू-वर मेळाव्याची जाहिरात चिकटवलेली. नरसिंहरावांनी शहाळीवाल्याचं स्टूल मागून घेतलं आणि चष्मा कपाळावरून नाकावर आणून ते वर चढले. शहाळीवाला कानडी; त्याला वाटलं, 'सार', म्हणजे साहेब, घर भाड्याने द्यायची पाटी लावताहेत. 'किती खोल्या आहेत?' असं त्याने खालून तीनदा विचारलं. नरसिंहरावांनी उत्तर दिलं नाही, कारण 'हरकती नोंदवण्याची अंतिम तारीख' या शब्दांनंतर नेमकं वधूचं शिक्षण सुरू होत होतं.

आता मेट्रोशी नरसिंहरावांचं एवढं काय अडलं होतं? तर त्यांची थोरली बहीण. चंदनाक्का, वय वर्षं शहात्तर, राहणार रस्त्यापलीकडे, अगदी समोर. नरसिंहरावांच्या बाल्कनीतून तिची वाळत घातलेली लुगडी मोजता येतात. पूर्वी अक्का रोज सकाळी सातला चपला सरकवून रस्ता ओलांडायची, भावजयीच्या हातची फिल्टर कॉफी प्यायची, डिकॉक्शन पातळ झालं म्हणून नाव ठेवायची आणि समाधानाने घरी जायची. चाळीस वर्षं हा क्रम चालला. मग के. आर. पुरमकडे जाणारा तो रस्ता रुंद झाला, मधोमध छातीइतकं उंच लोखंडी कुंपण आलं, आणि कॉफी बंद झाली. पायी ओलांडायची जागा सव्वा किलोमीटरवर गेली; ती अक्काच्या गुडघ्यांना मानवेना. ऑटोवाले तर यू-टर्नचं नाव काढलं की मान फिरवून निघून जात. 'माझ्याकडेच राहायला ये,' असं नरसिंहरावांनी तीन वर्षांत शंभरदा सांगून पाहिलं. अक्काचं उत्तर ठरलेलं होतं. 'आपल्या दाराला आपण कुलूप लावावं, आपल्या घरात आपण झोपावं. भावाकडे जाऊन-येऊन असावं रे नरसू.' तेव्हापासून बहीण-भाऊ आपापल्या बाल्कनीत उभे राहून, एकमेकांकडे बघत, फोनवर बोलत.

आणि आता बरोबर त्याच जागी, रस्त्याच्या डोक्यावर, मेट्रोचं स्टेशन येणार होतं. स्टेशन म्हटलं की दोन्ही बाजूंना जिने आले, लिफ्ट आली. गाडीत न बसताही माणूस या बाजूने चढून त्या बाजूला उतरू शकतो. अक्काची कॉफी परत सुरू होणार, या आनंदात नरसिंहराव नकाशा बघायला शिवाजीनगरच्या कचेरीत गेले. पत्रकात तसं लिहिलंच होतं: नकाशे पाहण्यासाठी खुले, अकरा ते एक.

नकाशे खुले होते. कपाट बंद होतं. किल्ली ज्यांच्याकडे ते कारकून भाचीच्या बारशाला आनेकलला गेले होते. दुसऱ्या खेपेला कारकून हजर होते, पण नकाशे झेरॉक्सला गेले होते. तिसऱ्या खेपेला दोघेही भेटले. एकतीस मोठे कागद, फोटो काढायला मनाई. नरसिंहरावांनी पस्तीस वर्षं घड्याळाच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात काढलेली. त्यांना फोटो कशाला हवा? सतराव्या कागदावर त्यांना आपला रस्ता सापडला. अक्काच्या बाजूला जिना, सरकता जिना, लिफ्ट, शिवाय मॉलमध्ये थेट शिरायला पूल. या बाजूला काहीच नाही. खाली मुंगीएवढ्या अक्षरात टीप: 'या बाजूचा जिना पुढील टप्प्यात विचाराधीन.' आणि जिथे नरसिंहरावांचं वडिलोपार्जित, करभरणा चोख असलेलं दुमजली घर होतं, तिथे आरेखकाने एक गोल झाड काढलं होतं. जिना नसल्याचं दुःख मोठं, पण झाडही त्यांना लागलं.

'सार, हे सगळं जनसुनावणीत विचारा,' कारकून म्हणाले. 'तिथे विचारलं की लिहून घेतात. लिहून घेतलं की उत्तर द्यावंच लागतं.'

म्हणजे काम सोपं होतं. एक प्रश्न विचारायचा: या बाजूला जिना का नाही? बस्स. हे इतकं सोपं काम नरसिंहरावांनी एकट्याने गुपचूप उरकलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण त्यांनी ते घरी बोलून दाखवलं आणि त्यांच्या पत्नी अंबुबाईंनी ते गच्चीवर बोलून दाखवलं.

पहिला सल्ला वरच्या मजल्यावरच्या शार्दूलने दिला. शार्दूल आणि मुग्धा हे पुण्याहून आलेलं जोडपं, दोघंही आयटीत. 'काका, सुनावणी वगैरे सगळं ओल्ड स्कूल आहे. पोर्टल आहे ना! दोन मिनिटांत डन.' त्याने लॅपटॉप उघडला. पोर्टलने विचारलं, आपण कोण? प्रकल्पबाधित भूधारक, दुकानदार, विद्यार्थी की इतर? हयातीत प्रथमच स्वतःला 'इतर' म्हणवून घेताना नरसिंहरावांना जड गेलं. पुढे म्हणणं मांडायला एकशेवीस अक्षरं होती. 'माननीय महोदय, सविनय निवेदन करण्यात येते की' इथपर्यंत येता येता त्यातली बरीच खर्ची पडली.

'काका, माननीय काढा.'

'माननीय काढून सरकारशी बोलायचं? मग भांडणच की ते!'

या वादात वेळ गेला. मग ओटीपी आला तो अंबुबाईंच्या फोनवर, आणि अंबुबाई त्या वेळी बाल्कनीत अक्काशी कैरीच्या लोणच्याबद्दल बोलत होत्या. लोणचं संपेपर्यंत पोर्टल मिटलं होतं.

दुसरा सल्ला येसाजी अण्णांचा, आणि तिथे खरा घात झाला. येसाजी अण्णा हे मराठा समाज भवनाचे अध्यक्ष, नरसिंहराव चिटणीस. मेट्रो मंडळाला सुनावणीसाठी हॉल हवा होता आणि त्यांनी नरसिंहरावांच्या घराशेजारचं हे भवनच मागितलं. आपल्याच अंगणात सुनावणी! नरसिंहरावांना वाटलं, निम्मं काम झालं. पण येसाजी अण्णांचं एक तत्त्व होतं. भवनात पाय ठेवलेला माणूस सत्कार झाल्याशिवाय बाहेर पडता कामा नये. एकदा विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही त्यांनी शाल घातली होती.

'नरसिंहराव, साहेब लोक आपल्या दारात येऊ लागलेत. मान नको का करायला? आधी मान, मग हरकत. सरी, बरोबर ना?'

'सरी,' नरसिंहराव म्हणाले. नाही म्हणण्याचं शिक्षण त्यांच्या घराण्यात कुणालाच मिळालेलं नव्हतं.

सुनावणी साडेदहाची होती. मंडळाचे अभियंते गिरीराज दोन सहायक आणि एक लॅपटॉप घेऊन पावणेबाराला आले. प्रार्थना झाली, दीपप्रज्वलन झालं. मग येसाजी अण्णांनी आपल्या समाजाचा इतिहास सांगायला घेतला. शहाजीराजांच्या मागोमाग आपले पूर्वज या गावात आले तिथून सुरुवात केली, आणि गिरीराजांनी घड्याळ बघितलं तेव्हा अण्णा अजून पहिल्या पिढीतच होते. मग सत्कार. चिटणीस म्हणून म्हैसूर पेटा, म्हणजे आयता बांधलेला फेटा, घालण्याचा मान नरसिंहरावांचा. पेटा एक बोट मोठा निघाला आणि साहेबांच्या भुवयांवर उतरला. नरसिंहरावांनी तो दोन्ही हातांनी, अगदी कौतुकाने, नीट बसवला. भवनात लग्नांचे फोटो काढणाऱ्याने नेमका तोच क्षण टिपला.

नंतर बेचाळीस चित्रांचं सादरीकरण झालं, तेही इंग्रजीत. प्रश्नांची वेळ आली तेव्हा एक वाजत आला होता. येसाजी अण्णांनी माइक नरसिंहरावांच्या हातात दिला आणि कानात सांगितलं, 'स्वल्प आभार मानून मग विचारा.' तीस वर्षं चिटणीस राहिलेल्या माणसाला असं सांगू नये. नरसिंहरावांनी मंडळाचे आभार मानले, साहेबांचे मानले, सहायकांचे मानले, माइकवाल्याचे मानले, आचाऱ्याचे मानले. 'तथापि,' असं म्हणून त्यांनी खिशातला कागद काढला, तोच स्वयंपाकघराच्या दारातून अंबुबाईंनी पान वाढल्याची खूण केली. येसाजी अण्णांनी माइक घेतला. 'ऊटा तयार आहे! बन्नी, बन्नी, सगळे जेवायला चला!' एकशे शहाऐंशी माणसं एकदम उठली. ती थोपवणं कुठल्याही तथापिला शक्य नव्हतं.

पंगतीत नरसिंहराव तुपाची वाटी घेऊन साहेबांसमोर उभे राहिले. ताटावर बसलेल्या पाहुण्याला अडचणीचं काही विचारायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. गिरीराज माणूस वाईट नव्हता. तिसरी पुरणपोळी मोडता मोडता त्यांनी आपणहून विचारलं, 'सार, तुम्हाला काहीतरी विचारायचं होतं ना?'

आणि नरसिंहराव म्हणाले, 'आधी आणखी एक पोळी घ्या.'

चौथी पोळी झाली, विडा झाला, जीप निघून गेली. खिशातला कागद खिशातच राहिला.

एकोणीस दिवसांनी शार्दूल लॅपटॉप घेऊन खाली आला. त्याचा चेहरा बघूनच अंबुबाईंनी गॅस बंद केला. मंडळाने सुनावणीचा अहवाल जाहीर केला होता, अगदी पारदर्शकपणे, फोटोसकट. 'परिशिष्ट सात. शहाजी लेआउट. उपस्थिती १८६. नागरिकांनी प्रकल्पाचे उत्स्फूर्त स्वागत करून अधिकाऱ्यांचा सत्कार केला. हरकती: निरंक.' खाली फोटो. त्यात नरसिंहराव साहेबांच्या डोक्यावर पेटा बसवत होते आणि चेहऱ्यावर असा आनंद होता की मुलीच्या लग्नातही तेवढा कुणी पाहिला नव्हता.

तो फोटो संध्याकाळपर्यंत लेआउटभर फिरला. निम्म्या लोकांनी नरसिंहराव फितूर झाले असं ठरवलं. उरलेल्या निम्म्यांनी त्यांचा मेट्रोत वशिला आहे असं ठरवलं, आणि हे जास्त त्रासाचं होतं, कारण इस्त्रीवाला मेहुण्याच्या नोकरीचा अर्ज घेऊन आला. अंबुबाईंनी जेवताना एवढंच म्हटलं, 'एक प्रश्न हो. तीन तास भवनात होता, पण एक प्रश्न विचारायला जमला नाही. माझ्या हातात माइक दिला असता तर मी कढी ढवळता ढवळता विचारला असता.'

सगळ्यात कठीण होता तो अक्काचा फोन. ती समोर बाल्कनीत उभी होती, हात वर करून. 'नरसू, फोटो बघितला रे. पेटा छान बसवलास. आपल्या जिन्याचं काय म्हणाले?'

नरसिंहरावांना ती स्पष्ट दिसत होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. 'विचार चाललाय, अक्का,' ते म्हणाले आणि आत येऊन खुर्चीत बसले. बहिणीशी ते खोटं बोलले होते, आणि त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा शिवाजीनगरला. कारकुनांनी समजूत घातली. हरकत निरंक म्हणजे निरंक, ती आता घेता येत नाही. पण हरकत निरंक आहे, या नोंदीवर हरकत घेता येते. पंधरा दिवसांत, पंचवीस स्थानिक रहिवाशांच्या सह्यांनी. मग पुरवणी सुनावणी लागते.

पंचवीस सह्या म्हणजे काय, असं वाटलं तरी फितूर माणसाच्या कागदावर सही कोण करणार? पहिली सही शार्दूलने हौसेने केली. त्याचं आधार कार्ड कोथरूडचं निघालं, सही बाद. मुग्धाचं डोंबिवलीचं. एकाने सही करण्याआधी गटाराचं कलम घालायला लावलं, दुसऱ्याने कुत्र्यांचं, तिसऱ्याने मॉलच्या दिव्यांचं. एका गृहस्थांना मेट्रो त्यांच्या चुलत्याच्या प्लॉटवरूनच जायला हवी होती. नरसिंहराव रोज सकाळ-संध्याकाळ वही घेऊन जिने चढले, उतरले आणि प्रत्येक दारात पेट्याचा खुलासा करत राहिले. चौदाव्या दिवशी पंचविसावी सही झाली. ती येसाजी अण्णांची होती. त्यांनी ती केली आणि मग म्हणाले, 'चूक माझीही झाली. या वेळी शाल नाही.'

पुरवणी सुनावणी त्याच भवनात भरली. नरसिंहरावांची सक्त ताकीद होती: हार नाही, नारळ नाही, चूल पेटवायची नाही. येसाजी अण्णा मागच्या रांगेत बसले. हात रिकामे कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. गिरीराज आले, इकडे तिकडे बघितलं आणि काहीसे खट्टू होऊन खुर्चीत बसले.

नरसिंहराव उभे राहिले. त्यांनी माननीय म्हटलं नाही. 'या बाजूला जिना का नाही?' एवढंच म्हणाले आणि खाली बसले. इतकं लहान भाषण भवनाने आजवर ऐकलेलं नव्हतं.

गिरीराजांनी फाइल चाळली. 'सार, आम्ही पाहणी केली आहे. या जागी रस्ता ओलांडणारे लोक दिवसाला किती? शून्य. म्हणून मागणी शून्य.'

'मध्ये कुंपण आहे साहेब. ओलांडणार कसे?'

'ते खरं. पण आकडा शून्यच आहे.' गिरीराजांनाही ते फारसं पटलेलं दिसलं नाही. 'आणि तुम्ही तर याच बाजूला राहता. ज्याची अडचण आहे त्याने स्वतः सांगावं लागतं. अडचण कोणाची?'

'माझ्या बहिणीची.'

'मग बोलवा त्यांना. कुठे राहतात?'

'समोर. दीडशे फुटांवर.'

'अय्यो, एवढंच ना? मी पाच मिनिटं थांबतो. थांबा, माझीच जीप पाठवतो.'

नरसिंहरावांनी अक्काला फोन केला आणि जीप निघाली. सगळी सभा फाटकाशी येऊन उभी राहिली. पलीकडे अक्का काठाचं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन दारात उभी होती. तिने हात हलवला. गिरीराजांनीही हात हलवला. मग दोन्ही बाजूंनी हात हलवण्यासारखं काही उरलं नाही. जीप डावीकडे वळून गेली ती गेलीच. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. अक्काला कुणीतरी खुर्ची आणून दिली. चोविसाव्या मिनिटाला जीप पलीकडे उगवली, अक्का चढली, आणि जीप भरधाव उलट दिशेला निघाली.

'अरे, तिकडे कुठे चालला हा?' गिरीराज ओरडले.

'यू-टर्नला, सार!' वीसेक माणसं एकदम म्हणाली.

गिरीराज पुढचा सगळा वेळ त्या कुंपणाकडे बघत उभे होते. मध्ये त्यांनी पाणी मागितलं. नरसिंहरावांनी ताकीद मागे घेऊन स्वतः तांब्या आणला. पाऊण तासाच्या वर सात मिनिटं झाली तेव्हा जीप फाटकात शिरली. गिरीराजांनी खुर्ची पुढे केली आणि सहायकाला पेन उघडायला सांगितलं.

'अम्मा, तुमची हरकत काय आहे?'

'हरकत कसली?' अक्का पदराने कपाळ पुसत म्हणाली. 'सकाळी भावाकडे कॉफीला यायचं असतं. त्याची बायको डिकॉक्शन पातळ करते, तिला कोणीतरी सांगायला नको का?'

सहायकाने हळूच विचारलं, 'सार, कॉफी कुठल्या रकान्यात घालू?'

'प्रवासाचं कारण,' गिरीराज म्हणाले. 'रोज. लिही.'

'परतीचंही लिही बाळा,' अक्काने बजावलं. 'मी तिथे राहायला जात नाही.'

गिरीराजांनी सतरावा कागद टेबलावर पसरला. खिशातली पेन्सिल काढून या बाजूला, बरोबर त्या गोल झाडावर, त्यांनी जिन्याच्या रेघा मारल्या, शेजारी लिफ्टचा चौकोन काढला, आणि बाजूला सही करून तारीख घातली. 'मी शिफारस करतो. आणि ही नोंद अहवालात येईल, तुमच्या नावासकट,' ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नरसिंहरावांनी त्या रेघा आरेखकाच्या नजरेने पाहिल्या. पायऱ्या समान अंतरावर होत्या.

'कधी होईल रे?' अक्काने विचारलं.

'मंजुरी, टेंडर, बांधकाम... दोन हजार एकतीस, अम्मा. अखेरीस.'

अक्काने बोटांवर हिशेब केला. 'म्हणजे मी ब्याऐंशीची.' गिरीराजांनी पेन्सिल परत खिशात ठेवली. अक्काने फाटकाकडे बघितलं, जीपकडे बघितलं, अवघडलेल्या कमरेला हात लावून बघितला. 'आणि आता घरी जायला परत तेवढाच वेळ?'

'थोडा जास्तच,' जीपचा ड्रायव्हर म्हणाला. 'शाळा सुटायची वेळ झाली.'

'मग नको. नरसू, जिना होईपर्यंत मी तुझ्याकडेच राहते. पण जिना झाला की त्याच दिवशी माझ्या घरी जाणार. कुणी अडवायचं नाही, आत्ताच सांगून ठेवते.'

शंभरदा विनवूनही जे झालं नव्हतं ते हे असं झालं. नरसिंहरावांनी तिची पिशवी हातात घेतली आणि ते तोंड फिरवून चष्मा पुसत राहिले.

आता रोज सकाळी सातला अक्का कॉफी पिते आणि डिकॉक्शनला नाव ठेवते. संध्याकाळी मात्र ती बाल्कनीत बसून समोरच्या आपल्या बंद खिडक्यांकडे बघत असते. ते नरसिंहरावांना बघवत नाही. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला ते मंडळाला जिन्याचं स्मरणपत्र पाठवतात, न चुकता. शार्दूल टाइप करून देतो. गेल्या खेपेला त्याने विचारलं, 'काका, शेवटी "तातडीने कार्यवाही करावी" असं टाकू ना? स्ट्राँग वाटतं.'

नरसिंहरावांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत अक्का अंबुबाईंना फिल्टर कसा दाबून भरायचा ते दाखवत होती, आणि अंबुबाई चाळीस वर्षांच्या सरावाने ऐकत नव्हत्या.

'कार्यवाही करावी, एवढंच लिही,' ते म्हणाले. 'तातडी नको.'